सहाच्या काठीला तीनची दोरी

६ जुलै, रविवार

चारकोपला व्याह्यांकडे जेवून आत्ताच पार्ल्याला परतलो. 'जेवून' हा शब्द तोकडा आहे. मी आयुष्यात मासा खाल्ला नाही याची भरपाई शेवंतीताई काळ्या वाटाण्याच्या आमटीतून करतात. निघताना नेहमीची पिशवी: कोकमं, कुळथाचं पीठ, तळलेले गरे. यज्ञेश-श्रुतिकाच्या लग्नाला पाच वर्षं झाली, ही पिशवी एकदाही चुकली नाही. आणि आपण काही न्यावं तर धाकूशेठ हात जोडतात. "आम्ही मुलीकडचे, मास्तर. आमच्याकडे कसलं आणता?"

आजचा विषय वेगळा होता. श्रुतिकाने न्यूझीलंडहून कुणाबरोबर तरी वडिलांसाठी मासे धरायची काठी पाठवली आहे. चार तुकडे एकात एक बसवले की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि वजन म्हणाल तर मोठ्या पळीइतकं. सोबत चक्री. दोरी मात्र नाही. मुठीच्या वर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि एकटाच सहाचा आकडा.

"सहा," धाकूशेठ म्हणाले. "आमच्या लालबागच्या खोलीचा नंबर. शुभ आसा."

फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात ज्याचा जातो त्याला विचारावं. छापखाना पुतण्या सुयोगच्या हवाली केला. हात बराचसा परत आला आहे, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. आज पाणीसुद्धा डाव्या हाताने वाढलं. दिवसभर पिळायला दिलेला रबरी चेंडू मात्र उजव्या मुठीत होता.

नोव्हेंबरात मी-मृणालिनी आणि हे दोघं, अशा दोन्ही जोडप्यांनी न्यूझीलंडला पोरांकडे जायचं, तिकिटं निघाली आहेत. धाकूशेठ अजून होय म्हणत नव्हते. आज काठी धरून एकदा हवेत फिरवली आणि म्हणाले, "दोरी टाकता आली तर येतो. नाही आली तर मला तिकडे कोण सांभाळीत बसणार? मुलीच्या घरी जाऊन लुळा हात दाखवायचा?"

"आणि तिकडे म्हणे मासा पकडून परत सोडतात," शेवंतीताई म्हणाल्या.

"मग पकडायचा कशाला?"

"निष्काम कर्म," मी म्हणालो.

"तुमचा काय, मास्तर. तुम्ही न पकडताच सोडलाय."

८ जुलै, मंगळवार

श्रुतिकाचा फोन. तिचं म्हणणं असं: अप्पा स्वतः दोरी आणायला जाणार नाहीत, पुढे ढकलत राहतील. तुम्ही आणाल का, बाबा?

आणेन का! पाच वर्षांनी पिशवीची परतफेड करायची संधी चालून आली आहे. कॉलेजात मुलांना संस्कृतातला 'रघु' शब्द चालवायला शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशी शौर्यकृत्यं फारशी येत नाहीत.

तिने प्रकार समजावून दिला. आपल्याकडच्या गळाला शिसं बांधतात आणि ते दोरीला ओढून नेतं. या पद्धतीत गळावर पिसांची खोटी माशी असते आणि तिला वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत असतं. दोरीच फेकायची, माशी तिच्यामागून जाते. ऐकायला फार सुंदर वाटलं. विशेष्य सोडून विशेषण फेकायचं, तसं काहीसं.

"रॉड दाखवून घ्या हं," ती म्हणाली. "आणि उगाच जड नको, अप्पांचा खांदा अजून..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. मी वहीत 'जड नको' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

१५ जुलै, मंगळवार

आठवडाभर दोऱ्या वाचतो आहे. शून्यापासून पंधरापर्यंत नंबर असतात. आकडा जितका लहान तितकी दोरी हलकी. तरंगणारी, बुडणारी, पुढून जाड, दोन्ही टोकांना निमुळती. प्रत्येकीचा एक संप्रदाय आहे आणि प्रत्येक संप्रदायाला बाकीचे नरकात जाणार याची खात्री आहे. शास्त्रार्थाच्या सभेत गेल्यासारखं घरच्यासारखं वाटलं.

मृणालिनी म्हणाली, "कपड्याच्या दुकानात शर्ट घ्यायला बारा मिनिटं लागत नाहीत तुम्हाला. आणि ही दोरी?"

"शर्ट माझा असतो," मी म्हणालो.

माझा सिद्धांत तयार आहे. आजारातून उठलेल्या माणसाला काय देतात? मुगाचं कढण. पचायला हलकं ते पथ्य. तोच न्याय इथे. हात अशक्त, म्हणून दोरी लघु. एक-दोन नंबरच्या फार पोरकट वाटतात. तीन योग्य. पूर्वपक्ष असा की अनुभवी लोक पाच-सहा नंबरने सुरुवात करायला सांगतात. पण ते निरोगी लोकांना. पूर्वपक्ष निकालात.

१९ जुलै, शनिवार

बोरिवलीला जाऊन दोरी घेतली. दुकान लहानसं, वर टांगलेल्या जाळ्यांमुळे मान वाकवून आत जावं लागतं. मालकीण प्रांजल नावाची तिशीतली मुलगी. मी तीन नंबरची मागताच तिने विचारलं, "काठी कुठली आहे, काका?"

"परदेशी. उत्तम आहे."

"ते नाही ओ. नंबर कुठला? नाहीतर घेऊनच या ना, पाच मिनिटांचं काम आहे."

आता काठी चारकोपला. मागितली की धाकूशेठना कळणार, कळलं की ते हात जोडणार आणि दोरी स्वतः घेणार. पिशवीची परतफेड बोंबलली. मी तिला म्हटलं, "बाई, प्रश्न काठीचा नाही, माणसाचा आहे." आणि पथ्याचा सिद्धांत थोडक्यात सांगितला. थोडक्यात म्हणजे मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली तोवर.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. "पण बदलून पाहिजे असली तर डबा फोडू नका."

शेवाळी रंगाची तीन नंबरची दोरी. हातात धरली की असल्याचं कळतही नाही. सोनेरी कागदात बांधून घेतली.

२७ जुलै, रविवार

पावसाने उघडीप दिली तशी आज चारकोपला गेलो. धाकूशेठनी सोनेरी कागद न फाडता, चिकटपट्टी नखाने सोडवत उघडला. उजव्या हाताच्या नखाने. मी पाहत होतो. "मास्तर, हे काय करून बसलात," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

गच्चीवर गेलो. मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीवर मासेमारीला परवानगी घेतली का, ही त्यांची पृच्छा. "टाकीत पापलेट सोडलंय, तुमच्याकडे पण पाठवतो," धाकूशेठ म्हणाले. सेक्रेटरी झाकण उघडून बघून आले.

गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला होता. धाकूशेठनी काठी उचलली, मागे नेली, पुढे आणली. लहानपणी देवगडच्या खाडीत गरी टाकून मासे धरलेला माणूस. उभं राहण्यातच वेगळेपण होतं. पण दोरी त्यांच्या पायाशी गोळा होऊन पडली. पुन्हा टाकली. पुन्हा. काठी ताठच्या ताठ, दोरी चकलीच्या घाण्यासारखी वेटोळी.

"दोरी जरा हलकी लागता माका," ते म्हणाले.

"हलकीच हवी. मुद्दाम तशी घेतली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोरीकडे. "तुमी बघूनच हाडलास असतलास," म्हणाले, म्हणजे पाहूनच आणली असणार, आणि पुन्हा टाकू लागले. आता जोर लावून. तीन-चारदा झाल्यावर उजवा हात खाली आला. तो त्यांनी खिशात घातला, डाव्या हाताने दोरी गुंडाळली.

"सवय नाही ना," मी म्हणालो. "होईल."

"होईल की," ते म्हणाले.

निघताना पिशवी. आज तिच्यात नेहमीपेक्षा जास्त होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुयोगचा फोन. काका रोज पहाटे गच्चीवर जातात, घामाघूम होऊन येतात, बोलत नाहीत. मी म्हटलं, तपश्चर्येला वेळ लागतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. गच्चीवर जाणं थांबलं आहे. पाऊस, असं ते म्हणाले. पार्ल्यात तरी तीन दिवस ऊन आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

धाकूशेठ यंदा गणपतीला गावी गेले नाहीत. मूर्ती डोक्यावरून आणायचा मान त्यांच्या घराकडे आहे. एका हाताने मूर्ती आणत नाहीत, एवढंच म्हणाले. म्हणून आज आम्हीच गेलो. जेवणं झाल्यावर त्यांनी सुपारी कातरावी इतक्या सहज सांगितलं, "तिकीट रद्द केलं मी. शेवंतीचंही. तुम्ही दोघं जाऊन या."

शेवंतीताई आत निघून गेल्या.

मी म्हटलं, "एकदा अजून प्रयत्न..."

"केला ना, मास्तर. एवढी हलकी दोरी आणून दिलीत, तीसुद्धा जाईना. म्हणजे हात संपला. काठीची चूक नाही, दोरीची नाही. उगाच पोरीला आशा लावून ठेवली."

मी त्यांची समजूत काढली. हात म्हणजे माणूस नव्हे, शरीर हे वस्त्रासारखं, वगैरे. चांगली अर्धा तास काढली. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी त्यांनी माझा हात धरला, डाव्या हाताने. येताना मृणालिनीला म्हटलं, माझ्या बोलण्याचा त्यांना आधार वाटला असावा.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांचा चेंडू आज कुठे दिसला नाही."

१४ सप्टेंबर, रविवार

श्रुतिकाचा फोन, रडवेला. अप्पा येत नाहीत हे तिला पटत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाला होता की हातात पुरेशी ताकद आहे. मग बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, लाइन कितीची घेतली होती?"

"तीनची. हलकी. तू म्हणाली होतीस ना?"

तिने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"बाबा, रॉड सहाचा आहे."

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. काठीवरचा आकडा म्हणजे ती कितव्या दोरीसाठी बनवली आहे तो आकडा. मागे नेताना दोरीच्या वजनाने काठी वाकते, आणि वाकलेली काठी सरळ होताना दोरीला फेकते. फेकणारा हात नसतोच, फेकते ती काठी. सहाच्या काठीला तीनची दोरी लावली तर ती वाकतच नाही. मग सगळं हाताने करावं लागतं, आणि ते धडधाकट माणसालाही जमत नाही. हलकी दोरी म्हणजे जास्त कष्ट.

"तुम्ही रॉड दाखवला नव्हता का दुकानात?"

"नाही."

"असू दे, बाबा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कोणताही ग्रंथ हातात घेतला की आधी चार गोष्टी पाहायच्या, हे मी तीस वर्षं शिकवतो आहे: कुणासाठी, कशाविषयी, कशाकरता, आणि कशाचा कशाशी संबंध. पहिल्या तिन्हींवर मी वही भरली. चौथी काठीच्या मुठीच्या वर लिहिलेली होती आणि मी ती वाचलीसुद्धा होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

बोरिवलीला जाऊन सहा नंबरची आणली. प्रांजलने काही विचारलं नाही. मी म्हटलं, "डबा फोडला होता." ती म्हणाली, "फोडतातच, काका."

चारकोपला फोन करायला उचलला आणि ठेवला. दोनदा.

२१ सप्टेंबर, रविवार

फोन न करताच गेलो. दार शेवंतीताईंनी उघडलं. आत गेल्यावर पहिल्यांदा दिसली ती बाल्कनी. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत शेवाळी दोरी बांधलेली आणि तिच्यावर धाकूशेठचे बनियन. एका बनियनच्या वजनाने ती खाली वाकली होती. काठी जे करू शकली नाही ते बनियनने करून दाखवलं.

शेवंतीताई ओशाळल्या. "वाया जात होती म्हणून हो, यज्ञेशचे बाबा. काढते."

"राहू दे," मी म्हटलं. "तिची जागा तीच आहे."

धाकूशेठ समोर बसले. मी सगळं सांगितलं. सहा, तीन, बोरिवली, मुगाचं कढण. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, खरंखुरं. "म्हणजे मी पंधरा-वीस दिवस बिनलगामाचा घोडा हाकत होतो!" मग हसू हळूहळू उतरलं. मी नवी दोरी टेबलावर ठेवली.

"हिने जाईल," मी म्हणालो. "आत्ता गच्चीवर जाऊ. श्रुतिका म्हणते..."

"नको."

"एकदाच."

"मास्तर, हात गेला हे मनाला पटवण्यात माझा अख्खा गणपती गेला. आता कुठे झोप लागायला लागलीय. आणि तुम्ही सांगता, हात होता." त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं आत वळलेली होती. जुलैत ती अशी नव्हती. "तेव्हा होता असेल. मी चेंडू टाकून दिला. आता ही दोरी पण नाही गेली, तर परत पहिल्यापासून कोण मरणार?"

मला एकही श्लोक आठवला नाही. एवढी एकच गोष्ट आज बरी झाली.

चहा आला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला, सराईतपणे. मग उठून काठीची नळी आणि चक्री आणली, वर नवी दोरी ठेवली. "ही श्रुतिकाला परत द्या. तिकडे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि तिला सांगू नका हा, की मी चेंडू टाकला."

जिन्यापर्यंत शेवंतीताई पोचवायला आल्या. पिशवी होतीच. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोरी आणलीत त्याच दिवशी रात्री बोलले होते मला. दोरीत कायतरी चुकलंय म्हणून. मी म्हटलं, मग करा ना फोन त्यांना. तर म्हणाले, जावयाच्या बापाने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, तिला नाव कसं ठेवू? दुसऱ्या दिवशी म्हणाले, मास्तर एवढे शिकलेले, ते चुकायचे नाहीत. माझाच हात असणार."

पिशवी घेऊन उतरलो. नको म्हणायचं धैर्य माझ्यातही नव्हतं. पाच वर्षांत या पिशवीतलं एखादं कोकम नासकं निघालं असतं तर मी त्यांना सांगितलं असतं का? आम्ही एकमेकांशी फार चांगले वागलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. धाकूशेठचा फोन आला होता, फराळ पोचला का विचारायला. दोरीविषयी कुणीच काही बोललं नाही. चकल्या उत्तम झाल्या आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

शनिवारी निघायचं. मृणालिनी सामान भरते आहे. काठीची नळी कुठल्या बॅगेत बसेना, तेव्हा ती म्हणाली, "हिचं काय करायचं ते तुम्हीच बघा."

मी नळी घेऊन गच्चीवर गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. काठी जोडली, चक्रीवर सहाची दोरी भरली, टोकाला लोकर बांधली. श्रुतिकाने सांगितलं होतं तसं मागे नेली, क्षणभर थांबलो. काठीत काहीतरी भरल्यासारखं वाटलं, मुठीपर्यंत ते ओझं आलं. मग मी पुढे आणली, तीही भीत भीत, जोर न लावता. दोरी डोक्यावरून उलगडत गेली आणि लोकर पाण्याच्या टाकीपलीकडे, कठड्यापाशी अलगद टेकली. मी कधी क्रिकेटची बॅट धरलेली नाही. पत्र्याचा डबा उघडायला मृणालिनीला बोलावणारा माणूस मी. मी तिथेच उभा राहिलो. दुसऱ्यांदा टाकली नाही.

संध्याकाळी धाकूशेठचा फोन. प्रवासाला शुभेच्छा, श्रुतिकासाठी मालवणी मसाला सुयोगबरोबर पाठवतोय, बॅगेत वर ठेवू नका, वास लागेल. आणि मग, ठेवता ठेवता, "काठी भरलात ना नीट?"

"भरली."

मग हळूच, "बघितलात काय टाकून?"

खोटं बोलायला हवं होतं. पण तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं. "बघितली."

"गेली?"

"गेली. टाकीपलीकडे."

मागे शेवंतीताईंचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"कितव्या फेकीला?"

"दहा-बारा वेळा टाकली असेल. मग कुठे गेली."

"तरीच," ते म्हणाले, आणि आवाजात जरा सैल पडल्यासारखं झालं. "तुमच्या हातात ताकद आहे हो, मास्तर. कधी दाखवलीत नाही."

मी 'हो' म्हणालो आणि फोन ठेवला. पहिल्याच फेकीला गेली होती.